रोलरच्या मागची वाट

रस्त्याच्या त्या टोळीत सगळे त्यांना मामा म्हणत. खरं तर ते मामा एकाच मुलीचे, थोरल्या बहिणीच्या लेकीचे. पण त्याच बहिणीचा नवरा पुढे टोळीत कामाला लागला आणि घरातल्या सवयीने चारचौघांत 'मामा' म्हणून हाक मारू लागला. मामाही त्याला दाजी म्हणत. बघता बघता डांबर पसरणाऱ्यांपासून मुकादमापर्यंत सगळ्यांच्या तोंडी मामा आणि दाजी हीच नावं बसली. नव्याने आलेल्या माणसाला तर वाटायचं की अख्खी टोळी एकाच घरातली आहे.

मामा रोलर चालवत. अंगाने भारदस्त, बोलायला कमी आणि कामात चोख. डांबराचा थर गरम आहे तोवरच दाबावा लागतो, त्यामुळे रोलरला उसंत नसते. पुढे जायचं, मागे यायचं, थोडं सरकायचं, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. माणूस रमतगमत चालेल तेवढाच त्याचा वेग. टोळीत गंमत चालायची की मामांच्या यंत्राखाली यायचं असेल तर आधी उशी घेऊन झोपावं लागेल. मामाही हसायचे.

दाजी आधी छापखान्यात होते. छापखाना बंद पडला, आणि उभं आयुष्य सावलीत काढलेला माणूस घरी बसून राहिला. मामांनीच मुकादमाकडे शब्द टाकला. थोरल्या बहिणीच्या, ताईच्या, मनात नव्हतं. "एवढ्या उन्हातान्हात, यंत्रांच्या गराड्यात यांना जमायचं नाही रे," ती म्हणाली होती. आई गेल्यावर तिनेच मामांना न्हाऊ-माखू घालून वाढवलं होतं, त्यामुळे तिचं काही मोडायचं म्हणजे मामांच्या जिवावर यायचं. पण त्या दिवशी ते म्हणाले, "मी आहे ना तिथे." तेवढ्यावर ताई गप्प झाली.

दाजींना जमलं. दाताळं घेऊन ते पसरलेलं डांबर असं सारखं करायचे की बघत राहावं. अक्षर जुळवणाऱ्या माणसाचा हात तो. स्वभाव मात्र घाबरट म्हणावा इतका जपून. घराला कुलूप लावलं की ओढून बघायचे, कोपऱ्यापर्यंत जायचे आणि परत येऊन पुन्हा ओढून बघायचे. कामावर बुटाच्या नाड्यासुद्धा आत खोचून ठेवायचे, कशात अडकायला नकोत म्हणून. मुकादम सांगेल ते दाजी अक्षरशः पाळायचे. मुकादमाचं एक सांगणं तर दिवसभर चालूच असायचं. कच्च्या डांबरावर पाय टाकायचा नाही. बुटाचा ठसा उमटला की थर बिघडतो, मग वरून शिव्या त्यालाच खाव्या लागतात.

त्या दुपारी ऊन नुसतं ओतत होतं. मामांनी पुढची फेरी संपवली, मान वळवून मागे पाहिलं. रस्ता मोकळा होता. त्यांनी रोलर मागे घेतला. झटका बसला नाही, आवाज आला नाही, काहीच झालं नाही. लांबून माणसं हात हलवत धावत येताना दिसली तेव्हा त्यांना वाटलं, पुढे डांबराच्या मशीनमध्ये काही अडकलं असेल. आपल्या रोलरखाली दाजी गेले आणि आपल्याला जाणवलंसुद्धा नाही, हेच पुढे त्यांना सगळ्यात जास्त छळत राहिलं.

त्याच संध्याकाळी साइटच्या साहेबांनी चौकशी उरकली. उभ्या उभ्या. मागे पाहिलं होतंत का? पाहिलं होतं. माणूस दिसला का? नाही. झालं तर मग. चालत्या रोलरच्या मागे जायचं नाही हे सगळ्यांना सांगितलेलं आहे, तरी गेला, म्हणजे मयताचाच निष्काळजीपणा. मुकादमाने मामांच्या पाठीवर हात ठेवला. तुमच्यावर काही आलं नाही, असं तो हळूच म्हणाला. मामांच्या तोंडून शब्द फुटला नाही. साहेब गाडीत बसून गेले आणि ती गोष्ट तिथेच मिटली.

ताईच्या घरी मात्र ती मिटली नाही. सुरुवातीचे दिवस मामा तिच्या दाराशी जाऊन बसायचे. भाची पाणी आणून द्यायची, पण त्यांच्याकडे बघायची नाही. ताई आतच असायची. कुणाकडून तरी तिच्या कानावर चौकशीचा निकाल गेला, आणि एका सकाळी ती बाहेर येऊन भावासमोर उभी राहिली. डोळे कोरडे होते.

"तुझ्या हातून झालं, ते मी गिळलं असतं रे," ती म्हणाली. "तुझ्या मनात नव्हतं, एवढं मला कळतं. पण कुलूप दोनदा ओढून बघणाऱ्या माणसाला ते निष्काळजी म्हणाले, आणि तू ऐकून घेतलंस."

मामा मान खाली घालून उठले. त्यानंतर त्या दाराशी जायचा त्यांना धीर झाला नाही.

रोलरवरही ते परत चढले नाहीत. एकदा प्रयत्न केला. पायरीवर पाय ठेवला, दांडा धरला, आणि हात सुटेना, पाय उचलेना. शेवटी दोघांनी धरून उतरवलं. मग मुकादमाने त्यांना रस्त्याच्या कडेला शंकू मांडायच्या कामावर ठेवलं. रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही. बायको म्हणायची, बोला तरी काही. काय बोलणार? सांगण्यासारखं होतं ते सांगायची वेळ तर निघून गेली होती.

काही महिन्यांनी कंपनीच्या दुसऱ्या एका रस्त्यावर ट्रकने गाड्या थांबवणाऱ्या झेंडेवालीला उडवलं. ती वाचली, पण पायाने अधू झाली. तेव्हा वरच्या कचेरीला जाग आली आणि दोन्ही अपघातांचा नव्याने तपास करायला एक बाई आल्या. वयाने पन्नाशीच्या आसपास, गुडघे दुखणाऱ्या, डोक्यावर मोठी टोपी. टोळीने त्यांना पाहिलं आणि तोंडाला कुलूप लावलं. आता पुन्हा कुणाच्या तरी डोक्यावर खापर फुटणार, हे सगळ्यांना पाठ होतं.

बाईंनी मात्र कुणाला काही विचारलंच नाही. एका दगडावर बसून त्या काम बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशीही बसल्या. कोण कुठे उभं राहतं, कुठून कुठे जातं, कधी थांबतं, एवढंच बघत होत्या. टोळीतल्या बायका आपसात कुजबुजल्या की यांना बहुतेक घरात करमत नसावं.

मग एका दुपारी बाईंना तहान लागली. पिण्याच्या पाण्याचं पिंप रस्त्याच्या पलीकडे, झाडाच्या सावलीत ठेवलेलं असायचं. इकडे पाणी तापतं, म्हणून पहिल्यापासून तिकडेच. बाई उठल्या आणि सरळ रस्ता ओलांडायला निघाल्या. एवढ्यात मुकादम नेहमीच्या सवयीने ओरडला, "ओ बाई, कच्च्यावर पाय नको!"

बाई ओशाळल्या. थांबल्या, वळल्या, आणि जिथला थर दाबून पक्का झाला होता तिकडून पलीकडे जायला लागल्या. चार पावलं गेल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. रोलर त्यांच्याकडे पाठ करून पुढे चालला होता. त्या बरोबर त्याच्या मागे होत्या. त्याचा परत यायचा रस्ता तोच.

अख्खी टोळी बघत होती. मुकादमाचा हात वर उचललेला तसाच राहिला.

पाणी प्यायला जो कोणी जाई तो याच वाटेने जाई. दुसरी वाटच नव्हती. समोर कच्चं डांबर, त्यावर पाय टाकायची बंदी. उरली ती रोलरच्या मागची पट्टी. रोज, प्रत्येक जण, येता-जाता. इतके दिवस ती कुणाच्या नजरेस आली नव्हती, कारण ती सगळ्यांच्या पायाखालची होती.

बाईंनी काम थांबवायला लावलं. स्वतः कष्टाने रोलरवर चढून सीटवर बसल्या आणि टोळीतल्या झाडूवालीला मागे उभं राहायला सांगितलं. लांब होती तोवर दिसली. जवळ आली तशी आधी पाय दिसेनासे झाले, मग कंबर, मग नुसतं डोकं. बुटाची नाडी बांधायला वाकतात तशी ती वाकली, तर मागे कोणी आहे याचा पत्ताच लागेना. मामा शंकू हातात घेऊन कडेला उभे होते. त्यांना रडू आलं. सगळ्यांसमोर, लहान पोरासारखं.

त्यानंतर तोंडं उघडली. झाडूवालीनेच सुरुवात केली. दाजींच्या आधी तिचीही वेळ आली होती. रोलर मागे आला, ती उडी मारून बाजूला झाली, पण तिची चप्पल त्याच्या लोखंडी चाकाखाली चपटी झाली. तेव्हा सगळे खो खो हसले होते, तीही हसली होती. चप्पल गेली त्याचं काय सांगायचं, असं वाटलं. त्यावर बाई म्हणाल्या की त्या चपलेची गोष्ट कुणी दुसऱ्या दिवशी सकाळी उभं राहून सांगितली असती, तर पिंप तेव्हाच हललं असतं.

मामांना त्यांनी बाजूला बसवून घेतलं. मामांनी सगळं सांगितलं. रोलर मागे घेताना वाजणारा भोंगा कित्येक महिने मुका होता. त्यांनी मुकादमाला सांगितलं होतं, मुकादमाने कचेरीत सांगितलं होतं, कचेरीतून उत्तर आलं होतं की भाग मागवलाय.

"हे तुम्हाला त्या दिवशी कुणी विचारलं नाही?" बाईंनी विचारलं.

"विचारलं नाही. पण मीही सांगितलं नाही," मामा म्हणाले. "माझ्यावर काही आलं नाही, म्हणाले. मला तेवढंच ऐकू आलं."

निकाल टोळीला सांगायच्या आधी घरच्यांना सांगायचा, असा बाईंचा आग्रह होता. घर दाखवायला मामांशिवाय दुसरं कोण? ते दारापर्यंत गेले आणि बाहेरच उभे राहिले. ताईनेच आतून, त्यांच्याकडे न बघता, आत यायला सांगितलं. बाईंनी आडपडदा न ठेवता सगळं उलगडून सांगितलं. पाणी कुठे होतं, वाट कुठे होती, भोंगा का वाजला नाही. तुमच्या मिस्टरांनी काही चुकीचं केलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या. त्यांना जसं सांगितलं होतं तसंच ते वागले.

ताई ऐकत होती. पदराच्या टोकाला पीळ देत होती, सोडत होती. भाची भिंतीला टेकून उभी होती.

"म्हणजे त्यांना तहान लागली होती," ताई म्हणाली. "एवढंच."

इतके महिने ती ज्या रागाच्या आधाराने उभी होती, तोही आता राहिला नव्हता. निष्काळजी हा शब्द पुसला गेला खरा, पण त्या जागी ठेवायला माणूस काही परत मिळाला नाही.

पुढे बरंच बदललं. पिंपं दोन झाली, रस्त्याच्या दोन्ही अंगांना एक एक. रोलरच्या पट्टीला दोरीचं कुंपण आलं, नवा भोंगा बसला. आजूबाजूचे लोक त्या आवाजाला कंटाळून तक्रार करायला यायचे. मुकादम हात जोडून त्यांना सांगायचा, पण भोंगा बंद करायचा नाही. मुकादम मनाने फार खचला होता. एकदा ताईच्या दारात जाऊन, मीच ओरडायचो हो, एवढंच म्हणून परत फिरला. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी टोळी गोल करून उभी राहायची, आणि आदल्या दिवशी कोण थोडक्यात वाचलं, कुणाचा पाय घसरला, काय हुकलं, ते ज्याचं त्याने सांगायचं. सांगणाऱ्याला कुणी बोल लावायचा नाही. पहिले काही दिवस सगळे लाजले. मग झाडूवाली बोलायला लागली, आणि तिला थांबवणं अवघड झालं. रोलरवर नवा माणूस आला. मामा शिट्टी आणि लाल झेंडा घेऊन त्याच्या मागच्या बाजूला, दोरीच्या कडेने चालायचे. त्यांच्या खुणेशिवाय रोलर मागे यायचा नाही.

सुट्टीच्या दिवशी ते ताईकडे जायला लागले. पूर्वीसारखं काही झालं नाही. चहा व्हायचा, भाचीच्या अभ्यासाचं बोलणं व्हायचं, खिडकीची कडी बसवून द्यायची असेल तर ते बसवून द्यायचे. थट्टा मात्र त्या घरातून गेली ती गेलीच.

एकदा असेच निघताना ते बूट घालत होते. ताई दारात उभी होती. ती म्हणाली, "एक विचारू? त्या बाईंनी सगळं सांगितलं, हे मात्र नाही सांगितलं. शेवटी यांनी हाक मारली होती का रे तुला?"

मामांचे हात थांबले. खोटं बोलणं सोपं होतं. नाही म्हटलं असतं, तर सगळं एका क्षणात झालं, दाजींना कळलंही नसेल, असं तिला वाटलं असतं. पण एकदा गप्प बसून त्यांनी तिचं जे हिरावलं होतं ते त्यांना आठवलं.

"इंजिन चालू होतं, ताई," ते म्हणाले. "मला काही ऐकू आलं नाही. मारली की नाही, मला माहीत नाही."

तिने खाली जिन्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मारली असेल. त्यांना सवयच होती, काही झालं की मामा म्हणून हाक मारायची."

मामांनी मान हलवली. जिन्यात अंधार होता. ताईने आत जाऊन बाहेरचा दिवा लावला, आणि ते खाली पोचेपर्यंत ती दारात उभी राहिली.