हातोदच्या शेतात उतरले तेव्हा

आई गेल्यानंतर देवापुढे मी दिवा लावत होते, पण केवळ हाताला सवय होती म्हणून. हवाई दलात मी हेलिकॉप्टर उडवलं. डोंगरांत, पुरात, कुठे कुठे गेले, आणि प्रत्येक वेळी आई इथे इंदूरला माझा फोन येईपर्यंत जपाला बसून राहायची. निवृत्त होऊन कायमची घरी आले, आणि काही महिन्यांतच ती गेली. माझ्यासाठी इतकं मागणाऱ्या आईला तिच्या शेवटच्या दुखण्यात कोणी काय दिलं, हा प्रश्न मनातून हलेना.

भावानेच मला पुन्हा ग्लायडिंगकडे ढकललं. कॉलेजात कॅडेट असताना मी पहिल्यांदा उडाले ते ग्लायडरमधूनच. एकटीने पहिलं उड्डाण केलं त्या संध्याकाळी आईने मला सराफ्यातल्या खाऊगल्लीत नेऊन भुट्ट्याचा कीस खायला घातला होता आणि दुकानदाराला दोनदा सांगितलं होतं, "भैया, आज ये अकेली उड़ के आई है!"

इतक्या वर्षांनी त्या अरुंद खुर्चीत बसले, केबलने वर खेचलं, केबल सुटली आणि सगळं शांत झालं. मधली सगळी वर्षं इंजिनाच्या आवाजाच्या भरवशावर उडालेली मी, त्या शांततेला घाबरले. माझ्याहून कितीतरी लहान असलेले प्रशिक्षक मागच्या सीटवरून म्हणाले, "मॅडम, कंट्रोल स्टिक इतकी आवळू नका. तिला तिचं काम करू द्या." पुढे हळूहळू जमलं. एकटीने उडायला लागले.

एप्रिलमधल्या एका दुपारी ऊन चांगलं होतं. गरम हवेच्या झोतांवर चढत चढत मी इंदूरजवळच्या हातोद गावाच्या बाजूला बरीच पुढे गेले. मग उंच ढगांचा पडदा सूर्यावर आला, वर नेणारी हवा थांबली आणि मी खाली येऊ लागले. धावपट्टी गाठणं शक्य नव्हतं. गहू कापलेलं एक शेत निवडलं, रेडिओवर कळवलं. निघताना वारा पश्चिमेचा होता, म्हणून तो समोरून घेत पश्चिमेकडे तोंड करून उतरायचं ठरवलं. त्या टोकाला विहीर आणि दगडी बांध होता.

खाली वळताना शेताच्या कडेचं लहानसं मारुतीचं देऊळ दिसलं. त्यावरचं भगवं निशाण ताठ फडकत होतं, पण पश्चिमेकडे. वारा फिरून पूर्वेचा झाला होता. ठरवल्याप्रमाणे उतरले असते तर पाठीवरचा वारा मला थेट त्या बांधावर घेऊन गेला असता. उंची जेमतेम एका वळणापुरती उरली होती. मी वळले. चाक खुंटांवरून खडखडत गेलं आणि ग्लायडर थांबलं.

देवळातून एक म्हातारी, लागलं तर नाही ना असं विचारत धावत आली. "बाई, लागी तो नी?"

"नहीं माँजी, ठीक हूँ." मी निशाणाकडे बोट दाखवलं. "इसी ने बचाया."

तिने वर पाहिलं. "आज सबेरे ही नया बाँधा. पुराना तो चिंदी-चिंदी हो गया था, उड़ता ही नी था. मंगल को बाँधना था, पर म्हारे बुखार थो."

मंगळवारी बांधलं असतं तरीही ते फडकलंच असतं, हे मला कळतं. जुनं असतं तर मला काही दिसलं नसतं, हेही कळतं. यापलीकडे मी कोणाला काही पटवू पाहत नाही.

ग्लायडिंग क्लबची माणसं ट्रेलर घेऊन येईपर्यंत मी देवळाच्या पायरीवर बसले होते. म्हातारीने आणून दिलेलं ताक प्यायले आणि आई गेल्यापासून अडलेलं रडू तिथे मोकळं झालं. तिच्या जपाचं काय झालं, याचं उत्तर मला मिळालं नाही. पण आता त्याचा हिशेब मागावासा वाटत नाही. शेत निवडणं, वळणं, हे माझं काम होतं आणि ते मी केलं. वाऱ्याची दिशा माझ्या हातात कधीच नव्हती. मारुतीपुढे हात जोडले तेव्हा मागण्यासारखं काही आठवलंच नाही. नुसतं डोकं टेकवलं, आणि बराच वेळ उचलावंसं वाटलं नाही.