रश्मीचा फोटो कुणाच्या नावावर?

बोरिवलीचा प्रबुद्ध म्हणजे मुंगीलाही वाट देणारा माणूस. शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी. समाजाच्या वधू-वर मंडळाची वेबसाइट मात्र त्यानं पुस्तक वाचून, पीएचपी ही संगणकाची भाषा शिकून एकट्यानं उभी केली, तीही फुकटात! दर रविवारी विहारात पोरंपोरी बायोडाटा घेऊन यायची नि फोटो साइटवर चढायचे.

त्या रविवारी रश्मी आली ती तणतणतच.

"प्रबुद्धदादा, साइटवरून नाव काढा म्हणून महिना झाला सांगून! काल मी काम करते त्या हॉस्पिटलच्या गेटवर एक जण माझा फोटो दाखवून मलाच विचारत होता, ही तूच ना? उद्या घरात येईल!"

"अगं, नाव काढलंय मी."

"नाव गेलं, फोटो तिथंच आहे. लिंक उघडते!"

प्रबुद्धनं आपल्या खात्यातून फोटो पुसायला घेतला. उत्तर आलं, परवानगी नाही. साइट आपली, अन् आपल्यालाच मनाई? कान तापले त्याचे. फोटो चढवला होता वेब सर्व्हरनं, म्हणजे साइट चालवणाऱ्या प्रोग्रामनं, म्हणून फाइल त्याच्या नावावर, असं त्यानं रश्मीला सांगितलं. मग ती आपल्या नावावर करून घ्यायला त्यानं पीएचपीत एक ओळ लिहिली. पुन्हा नकार. तीच ओळ त्यानं तीनदा चालवली, जणू ओरडून सांगितल्यावर यंत्र ऐकणारच होतं.

शेवटी साइटसाठी ज्याच्या मशीनवर जागा भाड्यानं घेतली होती त्या अल्पेशला फोन लावला.

"अरे यार, मालकी फक्त मुख्य खातं बदलू शकतं, ते माझ्याकडे. मी आत्ता मढ आयलंडला आहे, लॅपटॉप नाही जवळ. तू फोल्डर सगळ्यांना मोकळं करून टाक ना. सगळे तेच करतात."

"तुझ्या त्या मशीनवर साइट किती जणांच्या?"

"असतील चाळीस."

"म्हणजे पोरींचे फोटो चाळीस जणांपुढे हवी ती ढवळाढवळ करायला उघडे टाकू? तुझ्या बहिणीचा असता तर टाकला असतास?"

फोन आपटलाच त्यानं.

रश्मी म्हणाली, "ज्याच्या नावावर आहे, त्यालाच सांगा ना पुसायला."

प्रबुद्ध पुन्हा कीबोर्डकडे वळला. खरंच की! साइटचं पान चालवतो कोण? तोच वेब सर्व्हर. मालकी कशाला बदलायची? पानातच पुसायची ओळ टाकली, अन् फोटो गेला.

रश्मीनं मोबाइलवर लिंक उघडून खात्री केली. "आणि बाकीच्यांचे?"

त्यानं फोल्डरची यादी काढली. नावं काढलेल्या एकशे बारा पोरींचे फोटो अजून तसेच होते. प्रबुद्धला आता स्वतःचाच राग आला. इतकी वर्षं नाव खोडलं की झालं, असं समजून बसला होता तो!

"वाच यादीतलं एकेक नाव, मी पुसत जातो," तो म्हणाला. आवाज अजून चढलेलाच होता.