डावीकडचे काका

क्लीनरकाका कुणाहीसोबत चालले तरी त्याच्या डाव्या हाताला चालत. चुकून उजवीकडे आलेच, तर चार पावलांत बाजू बदलून घेत. आयुष्य एकाच ट्रकच्या डाव्या दारापाशी बसून गेलेलं. "एवढ्या वर्षांत ड्रायव्हर काहून नाही झाले?" असं कुणी विचारलं की म्हणत, "मंग डावीकडचं कोण पाहीन गा?"

नंदनवन वस्तीत आमच्या घरासमोर तो ट्रक उभा असे. मागे घेताना काका पत्र्यावर थाप मारत. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आमच्याकडे चहाला आले तरी फाटकावर दोन थापा.

मी सदर भागातल्या कॉन्व्हेंटमध्ये सायकलने जायची. शाळेत मुलींच्या चपलांचाही आवाज चालत नसे, आणि मला तर कुणाच्या लक्षात न येणंच आवडे. घंटी वाजवायची लाज वाटायची. एकदा चौकात डावीकडे वळणाऱ्या ट्रकच्या आणि फुटपाथच्या मधून मी गुपचूप पुढे निघाले. पत्र्यावर एकच थाप वाजली. ट्रक जागेवर थांबला. चाक माझ्या पॅडलपासून वीतभर. वर, दारात, क्लीनरकाका.

घरी कळलं असतं तर सायकल त्याच दिवशी बंद झाली असती. संध्याकाळी फाटकावर दोन थापा पडल्या, तेव्हा मी दाराआड होते. काका बाबांना एवढंच म्हणाले, "पोरीले ट्रक दाखवून आणतो."

त्यांनी मला ड्रायव्हरच्या जागी बसवलं आणि माझी सायकल घेऊन ट्रकपलीकडे गेले. "सांग, सायकल कुठं हाय?" मी मान उंचावून पाहिलं. कुठेच नव्हती. त्या बाजूला आरसाही नव्हता. तेवढ्यात डाव्या खिडकीत नुसता एक पंजा वर आला.

"इथंच हाय, दारापाशी. तुले ड्रायव्हरचं तोंड दिसत नसन, त त्यालेही तू दिसत नाही. तवा मांगंच थांबायचं. अन् घंटी वाजवत जाय वं. हरेक ट्रकमंदी मी नसतो."

चौकातली गोष्ट त्यांनी घरी कधीच सांगितली नाही.

नोकरीसाठी पुण्याला निघाले, तेव्हा ते बसस्टँडवर आले होते. वाकून मागच्या चाकापर्यंत पाहिलं आणि बसच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. कंडक्टर चिडला, "गाडी तुम्ही सोडता का मी?"

"तूच सोड गा. डावीकडे मोकळं हाय, एवढंच सांगतलं."

काका गेल्याचं बाबांच्या पत्रातून कळलं. दुसऱ्या दिवशी सायकलने ऑफिसला जाताना चौकात एक ट्रक डावीकडे वळायला उभा होता. ड्रायव्हरचं तोंड दिसत नव्हतं. मी मागेच थांबले आणि घंटी वाजवली. ट्रक वळून गेला, रस्ता मोकळा झाला, तरी वाजवतच राहिले. लोक वळून बघत होते.