पाहुण्यांचा हंडा

आईने पुण्याजवळ रहाटणीच्या आमच्या घरात पहिल्यांदा आमटी केली, तिच्यात मीठ नव्हतं. भातातही नव्हतं. माझा नवरा मराठवाड्यातला, सासूबाईंसमोर बोलायची त्याला भारी भीड. त्याने दोन घास कसेबसे गिळले आणि लोणच्याची बरणी गुपचूप पुढे ओढली. मला भीड वगैरे काही नाही. मी म्हणाले, "आये, मीठ काय गावाला ठेवून आलीस?"

तिने स्वतः घास घेतला आणि कपाळावर हात मारला. "अगो बाय, हितला पानी गोडा नाय काय! इसरलेच मी. तिकडं मीठ घालायलाच लागत नाय."

बोलून गेली आणि उठून मिठाची बरणी घेऊन आली. नवरा हळूच म्हणाला, "आमच्याकडं विहिरीत पाणी नसतं, ते लहानपणापासून बघितलंय. विहीर भरलेली असून पिता येत नाही, हे नवीन आहे." आई त्यावर नुसती हसली आणि त्याच्या पानात अजून भात वाढला.

आईचे पाय सुजलेत असं गावातल्या शेजारच्या काकूंनी फोनवर सांगितलं, म्हणून मी तिला गावाहून इकडे आणलं होतं. एरवी ती चार दिवसांच्या वर कधी राहिली नाही. आमचं गाव कोकणात, खाडीच्या तोंडाशी. घरापुढे सुपारीची वाडी, वाडीपुढे भातशेती आणि शेतीपुढे खाडीचं पाणी अडवणारा मातीचा बांध. वडील होते तोवर वादळ म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी किनाऱ्याची बातमी असायची. रेडिओवर ऐकायची आणि कामाला लागायचं. ते गेले, आई एकटी राहिली, आणि मग ते वादळ आमच्याच दारात आलं.

त्या दिवशी इथे पार्किंगमधल्या गाड्यांवर गुलमोहर पडला. सोसायटीच्या ग्रुपवर कितीतरी दिवस तेवढाच विषय चालला होता, आणि मी गावाचा फोन लावत बसले होते. शेवटी लागला तेव्हा आई म्हणाली, "कौलां गेली. बाकी बरा हाय."

ते बाकीचं बरं मी पत्र्यांचा टेम्पो घेऊन गेले तेव्हा पाहिलं. वडिलांच्या हातच्या सुपाऱ्या मधोमध मोडून पडलेल्या. बांधाला भलंमोठं भगदाड. सरकारी लोक आले, त्यांनी मापं घेतली, फोटो काढले, चहा पिऊन गेले. गावकऱ्यांनी आपल्या हाताने दगडमाती टाकून भगदाड बुजवलं, ते पुढच्या वादळात परत गेलं. मग प्रत्येक उधाणाला, अमावस्या-पौर्णिमेला खाडी शेतातून चालत यायची ती आमच्या विहिरीपर्यंत. वाचलेल्या सुपाऱ्या शेंड्याकडून तांबूस पडत वाळल्या. पावसाळ्यात कान किटवणारे बेडूक ओरडायचे थांबले. विहिरीत वडिलांनी सोडलेलं एक कासव होतं. आई त्याला रोज मूठभर भात टाकायची. ते कुठे दिसत नाही म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "तळाला बसला असंल." ते कधीच मेलं होतं, आणि तिने त्याला वाडीत पुरलं होतं.

विहीर खारी झाल्याचं हे सगळं मला त्या बिनमिठाच्या आमटीनंतर एकेक करून कळलं. त्याआधी कळलं कसं नाही? मी तर दर गणपतीला आणि मे महिन्यात गावाला जात होते. जाऊन पहिलं काय करायचे, तर स्वयंपाकघरातल्या तांब्याच्या हंड्यातलं पाणी घटाघटा प्यायचे. थंडगार आणि गोड. "आमच्या फिल्टरच्या पाण्याला ही चव नाही गं," असं वर तिलाच सांगायचे. ते पाणी डोंगरावरच्या वस्तीतल्या, वरच्या वाडीतल्या झऱ्याचं होतं. आम्ही येणार म्हटलं की ती आधीच्या दिवशीच चढण चढून, डोक्यावर वाहून हंडा भरून ठेवायची. आम्ही निघालो की हंडा पालथा. स्वतः मात्र विहिरीचंच प्यायची.

"मग रोज का नाही आणलंस तिथलं?" मी ओरडलेच तिच्यावर.

"एकट्या जीवाला कशाला येवडी चढन?" ती म्हणाली. "पावन्यांचं येगळं."

मी पाहुणी. तिच्या पोटची पोर, आणि पाहुणी! त्या दिवशी मी चाकणला शिफ्टला गेले ती रागातच. कंपनीच्या बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, डोळ्यांत काही गेलं का. हो म्हटलं.

डॉक्टरांनी आईचा रक्तदाब पाहिला आणि पुन्हा एकदा यंत्र लावून पाहिला. तपासण्या झाल्या. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झाली होती. मी विहिरीचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही, पण वर्षानुवर्षं खारं पाणी पोटात गेलं, त्याने रक्तदाब वाढला असणार आणि तो कोणी मोजलाच नाही. डायलिसिस सुरू झालं. मीठ बंद. म्हणजे तिची ती आमटी आता पथ्याची ठरली. पाणीही मोजून. सकाळी एक छोटा तांब्या भरून द्यायचा, त्यात औषधं, तहान, सगळं भागवायचं.

आमच्याकडे नळाला पाणी दिवसाआड, त्यावरून सोसायटीत रोज बोंबाबोंब. तरी एका सकाळी कोणीतरी पार्किंगमध्ये पाइप सोडून गाडी धूत होतं. आईने ते गॅलरीतून पाहिलं आणि सुजल्या पायांनी खाली जाऊन नळ बंद केला. गाडीवाला चिडला. वॉचमन मला फोन करून सांगत होता, "मॅडम, आजींना घेऊन जा, त्या नळापाशीच बसल्यात." मी खाली गेले तर ती पाइपातून गळणाऱ्या धारेखाली ओंजळ धरून बसली होती. "गोडा हाय गो सगला," म्हणाली. तिला प्यायची परवानगी नव्हती. तिने ते पाणी तोंडाला लावलं आणि मी दुसरीकडे पाहिलं.

तिचा एकच हट्ट होता. बांध नीट झाला, दोन पावसाळे चांगले पडले आणि विहीर उपसली, की पाणी गोडं होईल. मग मी घरी जाईन, असं ती म्हणायची. दर रविवारी काकूंना फोन करून विचारायची, "पानी कसा हाय?" काकू म्हणायच्या, पहिल्यापेक्षा बरं आहे. विहीर गोडी झाली तरी तिला परत जाता येणार नव्हतं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, ते त्या गावात कुठलं? पण हे तिला सांगायला माझी जीभ रेटली नाही.

यंदा गणपतीला ती म्हणाली, "माजं जानं काय व्हत नाय. तू जा, आनि इहिरीचा पानी बाटलीत भरून आन. मी चाखून बघतंय."

मी गेले. जिथे आमचं भात पिकायचं तिथे आता खाऱ्या चिखलातली तिवराची झुडपं उगवली होती, आणि बांध कुठे होता ते दाखवून द्यावं लागलं असतं. काकूंच्या दारालाही कुलूप होतं. फोन केला तेव्हा कळलं, महिन्याभरापूर्वीच त्या मुलाकडे राहायला गेल्या होत्या. रविवारचे फोन तिथूनच घेत होत्या. मी विहिरीत पोहरा सोडला, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. मग विहिरीच्या कठड्यावर बसून पोटभर रडले. ऐकायला कोणी नव्हतंच.

आणि मग उठून मी वरच्या वाडीला गेले. चढण खरंच वाईट आहे. दोनदा बसले. झऱ्यावर बाटली भरली.

घरी आल्यावर तिच्या तांब्यातलं थोडं पाणी मी ओतून टाकलं, तेवढंच बाटलीतलं वाटीत घातलं आणि तिच्या हातात दिलं. तिने घोट तोंडात घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ तो तसाच धरून ठेवला. मग गिळला.

"झाली गो गोडी," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. तिने वाटी शेवटच्या थेंबापर्यंत संपवली, माझ्या हातात दिली, आणि तोच हात धरून म्हणाली, "वरच्या वाडीची चढन लय वायट. पाय दुकलं नाय ना तुजं?"

"नाही," मी म्हटलं.