छाती दाखवायची तर डॉक्टरांनाच!

दवाखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपल्या पायांनी चालत येतात. पन्नासच्या दशकात मी, डॉ. शैला, नवी एम.बी.बी.एस. होऊन मुलुंडला परुळेकर डॉक्टरांच्या हाताखाली लागले. ईसीजीचं यंत्र दूर, शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात. इथे स्टेथोस्कोप आणि डॉक्टरांचे कान. पेशंट मला तोंडावर सांगायचे, "बाई, तुम्ही बाळंतपणं बघा, छाती डॉक्टर बघतील!" फार लागायचं ते. छातीचा एक तरी पेशंट आपणहून माझ्यासमोर बसावा, एवढंच मला हवं होतं.

*

एक कारकून आला. "गॅस झालाय, सोडा द्या." सांगताना मूठ आवळून छातीवर दाबलेली, कपाळावर घाम. डॉक्टर ओरडले, "गॅसवाला पोटावरनं हात फिरवतो, मूठ नाही दाबत. झोप आधी!"

"अहो, सव्वादहाचं मस्टर आहे!"

"सही करायला तू उरायला हवास ना!"

उरला. पुढे सुपरिंटेंडंट होऊन रिटायर झाला.

*

एक सासू सुनेला घेऊन आली. "दोन घागरी वर आणल्या की बसते. कामचुकार!" मी स्टेथोस्कोप लावला, काहीच कळेना. "डाव्या कुशीवर वळव," डॉक्टर म्हणाले. आणि ऐकू आलं! लांब कुणी जात्यावर दळत असावं, तशी घरघर. लहानपणी तापात तिचे सांधे सुजले होते, त्याच दुखण्याने हृदयाची झडप आकसली होती. "उद्यापासून घागरी तुम्ही भरायच्या," डॉक्टरांनी सासूला बजावलं.

चार दिवसांनी सासू हजर. "मलाही दम लागतो, माझीही झडप बघा. बाईंनी नको, तुम्हीच बघा!"

झडप ठणठणीत होती.

*

माझी फजितीही सांगते. एक कोकणातले गिरणी कामगार म्हणाले, "चलतंय तेवा दाढ दुखता, बसलंय काय थांबता." मी दातांच्या डॉक्टरला चिठ्ठी लिहिली. परुळेकरांनी ती फाडली. "चाललं की दुखते, बसलं की थांबते. अशी कुठली दाढ गं? हे हृदयाचं दुखणं आहे!" त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

*

आणि एका सकाळी डॉक्टर स्वतःच खुर्चीत बसलेले. पंखा चालू, तरी शर्ट भिजलेला.

"काल वडे जास्त झाले. सोडामिंटची गोळी दे."

मी नाडी धरली. "कॉटवर आडवे व्हा."

"अगं, बाहेर पेशंट बसलेत! इथे डॉक्टर कोण आहे?"

"आज मी!"

मॉर्फिनचं इंजेक्शन मीच दिलं आणि त्यांना हॉस्पिटलात मीच नेलं. तिथल्या ईसीजीच्या पट्टीवर माझंच निदान खरं निघालं: हार्ट अटॅक. सहा आठवडे सक्तीची विश्रांती!

आठवड्याभराने मी दवाखाना उघडला. मला एकटीला बघून बाकावरचे लोक उठून चपला घालू लागले. तेवढ्यात परुळेकरवहिनी आल्या. डॉक्टरांनी पडल्या पडल्या सांगितलेला मजकूर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून आणला होता. तो त्यांनी दारावर चिकटवला:

"माझी छाती डॉ. शैलाबाईंनी तपासली, म्हणून मी आहे. तुम्हाला आणखी कोण हवं?"