वीस टन

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. तुम्हाला सांगते — पण थोडी आकडेमोड ऐकावी लागेल, कारण सगळं तिथेच घडलं.

गुडगावच्या पलीकडे, मानेसरकडे तेव्हा कारखान्यांच्या शेड भराभर उभ्या राहत होत्या. त्या शेडची ड्रॉइंग करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात मी होते. शिक्षण? मॅट्रिक. बाकी सगळं नवऱ्याच्या डिप्लोमाच्या पुस्तकांतून, दुपारी स्वयंपाकघर आवरून शिकलेलं. पण आकड्यांत माझा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं — खोटी नम्रता कशाला?

फक्त माझी सही चालत नसे. डिग्री नाही ना! हिशोब मी करायचा, तो तपासून सही करायची रुबिनाने. उदगीरची पोर, इंजिनियर झालेली, मुनिरकात खोली घेऊन यूपीएससीचा अभ्यास करायची. ह्या नोकरीवरच तिचं दिल्लीत राहणं होतं. मला काकू म्हणायची. आणि मी? "सही तिची, डोकं माझं," असं घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

एका शेडमध्ये समोरासमोरचे खांब धरून ठेवायला लोखंडी गज बसवायचा होता. तो आधी तीन मिलिमीटर ताणायचा, मग नट आवळायचे. किती जोराने ओढला म्हणजे तेवढाच लांबेल? सोपं आहे हो — हवी ती वाढ भागिले मूळ लांबी, गुणिले पोलादाच्या ताठपणाचा आकडा, गुणिले गजाच्या छेदाचं क्षेत्रफळ. क्षेत्रफळाला त्रिज्येचा वर्ग लागतो. मी अख्ख्या व्यासाचा केला. जोर चौपट झाला — पाच टनांच्या जागी वीस.

रुबिना थबकली. "काकू, वीस जास्त नाही वाटत? परत एकदा बघू या ना."

"आता तू मला शिकवणार का गं? एवढी ड्रॉइंग पडलीयत. चलो, कर सही."

केली तिने.

साइटवर गज ओढायला जॅक लावला, आणि पुरता जोर यायच्या आतच गज आट्यांपाशी तुटला. तुकडा पत्रा फाडून बाहेर गेला. कुणाला लागलं नाही — त्यात माझं काय कर्तृत्व?

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोघींना बोलावलं. "ये हिसाब किसका है?"

चूक मला तोवर सापडली होती. साइटवरून फोन आला तेव्हाच, एका नजरेत. रुबिनाने माझ्याकडे बघितलं — मी बोलेन म्हणूनच ना? आणि मी बोललेच.

"सर, साइन किसका है, देख लीजिए।"

तिला त्याच दिवशी काढलं. पर्स उचलताना म्हणाली, "काकू, मी परत बघू या म्हटलं होतं." एवढंच. महिन्याभरात खोली सोडून गावी गेली. परीक्षा राहिली ती राहिलीच.

मी मात्र टिकले. निवृत्तीच्या दिवशी शाल, हार, भाषणं. कुणीतरी म्हणालं, "काकूंचा आकडा कधी चुकला नाही." मी हात जोडले.

मला भीती कसली होती? कसलीच नाही. साहेब मला काढणार नव्हते, हे मला पक्कं ठाऊक होतं. चुकणारी बाई म्हणून कुणी बघायला नको होतं, बस. वीस टन मी लिहिले होते. रुबिनाला ते दिसलं होतं. तिला मी आधी गप्प केलं, आणि मग पुढे ढकललं.