काकूंची काळी चार

काकांच्या वर्षश्राद्धाला काकूंना एक अभंग म्हणायचा होता, आणि साथीला काकांचंच वाद्य हवं होतं. ते लावायचं काम त्यांनी मला सांगितलं. मला नाही म्हणता येत नव्हतं. तालुक्याच्या गावातून कॉलेजसाठी मुंबईत आलो, तेव्हा गिरगावातल्या आपल्या दोन खोल्यांत या दोघांनी मला ठेवून घेतलं. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. त्या पदवीत काकूंच्या आमटीभाताचा वाटा मोठा आहे. पेटीवर सूर ओळखायलाही मला त्यांनीच शिकवलं.

ते वाद्य काकांना वाडीतल्या एका ख्रिस्ती शेजाऱ्याने घर सोडून जाताना दिलं होतं. काका त्याला नुसतं गिटार म्हणायचे, पण ती आपल्या ओळखीची गिटार नव्हती. पाठ फुगीर, काळ्या-पिवळ्या पट्ट्या जोडून केलेली. भोकावर कागद कातरून बसवलेलं फूल. दहा लाकडी खुंट्या, म्हणजे तारांच्या पाच जोड्या. तारा गंजून तुटल्या होत्या. तारांखालची घोडी सुटीच होती, आणि तिच्या मागे पुढची फळी खाली वाकलेली होती.

मी ते दादरच्या एका वाद्यांच्या दुकानात नेलं.

"साहेब, हे मेंडोलिन नाय, बँजो पण नाय," दुकानदार म्हणाला. "फळी बसलीय बघा. दाबून सरळ करतो, गिटारच्या तारा टाकतो. एकदम मस्त वाजेल."

मला धीर झाला नाही. तसंच परत आणलं. मग फोटो काढून इंटरनेटवर शोधत बसलो आणि शेवटी एका संग्रहालयाच्या पानावर त्याचं भावंड सापडलं. कितारा बातेन्ते. दक्षिण इटलीतल्या खेड्यांत गाण्याबरोबर, नाचाबरोबर छेडतात. तिची फळी मुद्दामच तशी वाकवलेली असते. सगळ्या तारा बारीक. जाड तारांचा ताण तिला सोसत नाही. आणि सर्वांत खालचा सूर कडेच्या तारेला नसतो, मधल्या जोडीला असतो.

हे काकूंना सांगितलं तर त्या हसल्या. "त्यात काय शोधायचं? मधलीच घुमायची. ह्यांनी ती माझ्या षड्जाला लावलेली, बाकीच्या तिच्या भोवती. काळी चार. मला विचारलं असतंस तर!"

काळी चार म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी. काकू आयुष्यभर त्याच सुरात गायल्या.

बारीक तारा चढवल्या. श्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी काकू पेटी पुढे घेऊन बसल्या आणि मी मधली जोडी हळूहळू चढवू लागलो. पांढरी चारपर्यंत, म्हणजे काळी चारच्या तीन पट्ट्या खाली, पोचलो आणि घोडीजवळ बारीक कुरकूर ऐकू आली. फळीचा जुना सांधा उघडत होता. नखाची कड आत जाईल इतकी फट दिसत होती.

"थांबलास का?"

"काकू, सांधा सुटतोय. आणखी ताणलं तर फळी फाटेल. इथेच ठेवू या?"

"ह्यांच्या वेळी नाही कधी सुटला."

मी बाकीच्या जोड्या तिथेच जुळवून घेतल्या आणि तारांवरून हात फिरवला. आवाज लख्ख होता, मागे मधमाश्यांसारखी गुणगुण. काकूंनी डोळे मिटून अभंगाची पहिली ओळ म्हटली. आवाज त्या सुरात अलगद बसला. कुठे ओढाताण नाही. मला इतकं बरं वाटलं की मी वाहवा म्हणून गेलो.

काकूंनी डोळे उघडले. पेटीवर पांढरी चार दाबली, मग काळी चार दाबून धरली आणि तीच ओळ पुन्हा त्या सुरात घेतली. वरच्या षड्जाला आवाज चिरला. भाता सुटला.

"म्हणजे मीच उतरले," त्या म्हणाल्या.

"वयाबरोबर सगळ्यांचाच उतरतो, काकू. आत्ता किती छान लागला तुमचा आवाज."

"मला शिकवू नकोस. ह्यांनी मला पांढरी चारमध्ये कधी ऐकलेलं नाही. काळी चारलाच लाव. मोडलं तर मोडू दे."

मी खुंटीवर हात ठेवला. या बाईंचा शब्द मी आजवर मोडला नव्हता. खुंटी पिळवेना. शेवटी त्यांनीच माझा हात बाजूला केला.

"राहू दे," म्हणाल्या. "उद्या तू वाजव. मी काही गाणार नाही."

मी खूप विनवलं. त्या तांदूळ निवडायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी विधी आटोपल्यावर काकांच्या फोटोसमोर मी तारा छेडत बसलो. कडेच्या जोड्या, मग मधली, पुन्हा कडेच्या. काकू आत पानं वाढत होत्या. जमलेल्या मंडळींना वाटलं, अजून लावणंच चाललंय. गाणं सुरू व्हायची वाट पाहत सगळे तसेच बसून राहिले.